स्टेनोचे बूट

ब्रुकलिनमधल्या एका सार्वजनिक ग्रंथालयाच्या तळघरात महिन्यातून एका संध्याकाळी चित्रकार जमायचे. विषय सगळ्यांना एकच, कागद एकाच मापाचा, वेळ दोन तास. बक्षीस नव्हतं, पहिला-दुसरा नंबर नव्हता. वेळ संपली की चित्रं दोरीला चिमट्यांनी टांगायची आणि मग बोलायचं, पण आपल्या चित्राबद्दल नाही, शेजाऱ्याच्या. त्यातही काय आवडलं ते आधी सांगायचं. हा नियम घातला होता ग्रंथालयातून निवृत्त झालेल्या एका बाईंनी. चहाचा थर्मास आणि बिस्किटांचा डबाही त्याच आणायच्या, आणि त्यांचा शब्द कुणी खाली पडू देत नसे.

2018 च्या पानगळीत विषय निघाला वंडर वुमन, म्हणजे कॉमिक्समधली डायाना. तो सुचवला बाईंनीच, आणि त्याला कारण होतं. त्या वर्षी जुलैत सॅन डिएगोच्या कॉमिक-कॉनमध्ये जॉय हमेल या 94 वर्षांच्या लेखिकेला बिल फिंगर पुरस्कार मिळाला होता. कॉमिक्सच्या ज्या लेखकांना त्यांच्या हक्काचं श्रेय मिळालं नाही, त्यांच्यासाठीचा हा पुरस्कार. 1944 मध्ये जॉय न्यूयॉर्कच्या कॅथरीन गिब्ज सेक्रेटरियल स्कूलमध्ये शिकत होत्या. तिथे मानसशास्त्र शिकवायला यायचे वंडर वुमनचे जनक, विल्यम मोल्टन मार्स्टन. या विद्यार्थिनीची परीक्षेतली उत्तरं वाचून त्यांनी तिला कामावर घेतलं. सुरुवातीला टायपिंग. पुढे मार्स्टनना पोलिओ झाला आणि विशीतली ही मुलगी स्वतःच गोष्टी लिहू लागली. पानावर नाव मात्र छापलं जायचं चार्ल्स मोल्टन, मार्स्टननी घेतलेलं टोपणनाव. सत्तरहून अधिक वर्षांनी तिचं नाव व्यासपीठावरून पुकारलं गेलं. एवढं सांगून बाई म्हणाल्या, "तेव्हा या वेळी डायाना. जिला जशी दिसेल तशी, ज्याला जशी दिसेल तशी."

दोन तास पेन्सिलींची खरखर चालू राहिली. मग चित्रं टांगली गेली.

ॲनिमेशनमध्ये काम करणाऱ्या एकाने तिला तीन त्रिकोणांत बसवलं होतं, तरी ती ओळखू येत होती. मुलांची पुस्तकं काढणाऱ्या बाईने पॅराडाइज या तिच्या जन्मबेटावर बकरीमागे धावणारी सहा वर्षांची डायाना काढली होती. शाळकरी मुलाच्या कागदावर नुसते प्रचंड गुडघे होते आणि त्यांच्या वर, खूप उंचावर, लहानशी हनुवटी. ही सगळी चित्रं लोकांना आवडली. पण नजरा खिळल्या त्या एका म्हाताऱ्याच्या कागदावर.

त्याने चाळीस वर्षं कॉमिक्समध्ये इंकर म्हणून काम केलं होतं. पेन्सिलने पान काढणारा वेगळा असतो, त्यावर शाई चढवणारा वेगळा. इंकरचं कौशल्य असं की पेन्सिलवाल्याचं मन त्याला वाचता यावं आणि स्वतःचा हात कुठे दिसू नये. म्हाताऱ्याला वंडर वुमनचे सगळे अवतार पाठ होते. सुरुवातीच्या हॅरी पीटरची, लाकडात कोरल्यासारख्या रेघांची. 1958 पासूनच्या रॉस अँड्रूची, मऊ चेहऱ्याची. त्या दिवशी त्याने काढली होती ती जॉर्ज पेरेझच्या धर्तीची, 1987 च्या नव्या सुरुवातीतली. केसांची एकेक बट सुटी, छातीवरच्या धातूची चमक वेगळी आणि मनगटातल्या कड्यांची वेगळी, मागे ग्रीक देवळाचे खांब. तो बारीक निबने थेट शाईत काम करत होता आणि कुठेही खाडाखोड नव्हती. कुणीतरी टाळी वाजवली, मग सगळ्यांनीच वाजवली.

त्याच्या शेजारचं चित्र एका मुलीचं होतं. मुलगी म्हणजे तिशीची. ती ब्रुकलिनच्या कोर्टात स्टेनो होती. तिथल्या स्टेनोचं यंत्र वेगळंच असतं. त्याला फक्त 22 कळा, दोन-चार एकदम दाबायच्या आणि अक्षरांचे गुच्छच्या गुच्छ उमटवायचे. मिनिटाला 225 शब्दांचा वेग लागतो. साक्षीदाराने नुसती मान हलवली तर ते नोंदवता येत नाही, तोंडाने उत्तर द्या म्हणून सांगावं लागतं. असं दिवसभर काम करून ती थेट इथे यायची.

तिच्या डायानाचे खांदे रुंद होते, केस मागे बांधलेले. हातात दोरी होती, तीच सत्याची दोरी, जी अंगाभोवती पडली की माणसाला खोटं बोलता येत नाही. पण दोरी सैल होती. तिचं दुसरं टोक कागदाच्या खालच्या कडेवरून बाहेर गेलं होतं, कुणाला बांधलंय ते दिसत नव्हतं. आणि पायांत ना लाल बूट होते ना पट्ट्यांच्या सँडल. काळे, चपटे, दिवसभर पायांत राहणारे ऑफिसचे बूट.

त्यावर बोलायची पाळी म्हाताऱ्याची होती. तो बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "ही ती नव्हे."

"आधी आवडलं ते," बाईंनी आठवण करून दिली.

"हात चांगले आहेत. पण ही ती नव्हे. ही कुणीतरी कोर्टातली बाई आहे. असे बूट घालून कुणी रणगाडा उचलत नाही."

मुलीचा चेहरा लाल झाला. "आणि उंच टाचेचे घालून उचलतात?"

हशा झाला, पण म्हातारा हसला नाही. त्याचं दुखणं खरं होतं आणि जुनं होतं. तो म्हणाला, "हे मी एकदा बघितलंय. 1968 मध्ये असंच कुणाला तरी वाटलं, हिला आजच्या काळात आणू या. शक्ती काढून घेतल्या, दोरी घेतली, कडी घेतली. पांढरा सूट चढवला, कपड्यांचं दुकान काढून दिलं. लहान होतो मी. अंक हातात घेतला आणि मला कळेना, माझी मैत्रीण कुठे गेली."

यात त्याचं चुकत नव्हतं. तो बदल चार-पाच वर्षं टिकला. 1972 मध्ये स्त्रीवादी ग्लोरिया स्टायनम यांच्या 'मिझ' मासिकाचा पहिला नियमित अंक निघाला, तेव्हा मुखपृष्ठावर वंडर वुमन होती, ती जुन्या वेषातली, आणि तिला अमेरिकेची अध्यक्ष करा अशी हाक होती. पुढच्याच वर्षी कॉमिकमध्ये तिच्या शक्ती तिला परत मिळाल्या. मला विचाराल तर त्या पांढऱ्या सुटात स्वतःत काही वाईट नव्हतं. वाईट हे होतं की तिला लहान केलं गेलं. जिने दुसऱ्यांना सोडवायचं ती स्वतःच कुणाच्या तरी शिकवणीची वाट बघत बसली. पण माणसाच्या मनात दुखरी जागा तयार झाली की त्याला कपड्यांचा प्रत्येक बदल सारखाच वाटू लागतो.

बाई उठून वर गेल्या आणि एक जाड पुस्तक घेऊन आल्या. त्यात 1941 च्या एका कागदाची प्रतिमा होती. वंडर वुमनची अगदी पहिली रेखाटनं. काढणारा हॅरी पीटर, तेव्हा एकसष्ट वर्षांचा. तरुणपणी त्याने 'जज' या विनोदी साप्ताहिकात काम केलं होतं. स्त्रियांच्या मताधिकाराची व्यंगचित्रं तिथे छापली जात, आणि साखळदंड तोडणारी बाई त्या चित्रांत अनेकदा असायची. त्या कागदावर दोन आकृत्या होत्या, निळ्या स्कर्टवर तारे, छातीवर गरुड. आणि शेजारी पीटरच्या हातची चिठ्ठी.

"वाचा," बाई म्हाताऱ्याला म्हणाल्या.

त्याने चष्मा लावला. पीटरने मार्स्टनना लिहिलं होतं की ही दोन्ही घाईत उरकली आहेत. गरुड हाताळायला अवघड जातोय, आकृती बाजूने वळली की तो नीट दिसत नाही. आणि बूट तर एखाद्या स्टेनोग्राफरचे वाटताहेत.

म्हातारा थांबला. त्याने ती ओळ पुन्हा वाचली. खोलीत सगळ्यांनी मुलीच्या चित्राकडे पाहिलं. मुलगी स्वतः तोंडावर हात ठेवून बसली होती, तिला यातलं काही ठाऊक नव्हतं.

"म्हणजे त्यालाही ते आवडले नव्हते," म्हातारा अखेर म्हणाला. "माझंच बरोबर."

"नव्हतेच आवडले," बाई म्हणाल्या. "पण जरा कागद बघा. त्यावर मार्स्टनचंही उत्तर आहे. हे ठेव, ते काढ, स्कर्ट छान, केस छान. पहिल्याच कागदावर दोघांचं अक्षर आहे. तुम्ही ज्या मूळ डायानाला जपताय ती जन्मली तेव्हाही दोन माणसं तिच्या बुटांवरून बोलतच होती."

यावर वाद मिटायला हवा होता, पण तसे वाद मिटत नसतात. म्हातारा म्हणाला की दोन जाणकारांची चर्चा वेगळी आणि वाटेल ते काढणं वेगळं. मुलगी म्हणाली की पाठ केलेलं चित्र उतरवून टाळ्या घेणं यात कसलं आव्हान आहे. दोघांनीही एकमेकांना लागेल असं बोलून घेतलं. शाळकरी मुलगा बिस्किट हातात धरून बसून राहिला.

तेव्हा बाईंनी त्या संध्याकाळचा दुसरा नियम केला. ग्रंथालय बंद व्हायला तासभर होता. "तुम्ही तिची डायाना काढा. आणि तू यांची. दुरुस्ती करायची नाही, आहे तशी."

"मी नक्कल का करू?" मुलगी म्हणाली.

बाईंनी तिला ट्रीना रॉबिन्सची गोष्ट सांगितली. वंडर वुमनचं कॉमिक काढणारी पहिली स्त्री म्हणून तिचं नाव घेतलं जातं. स्वतंत्र बाण्याची चित्रकार, स्त्री व्यंगचित्रकारांचा इतिहास तिने खणून काढला. 1986 मध्ये तिला वंडर वुमनचे चार अंक काढायला मिळाले. हवं तसं काढायची संधी असताना तिने निवड केली ती हॅरी पीटरच्या जुन्या रेघेची. "ती काही पीटरला शरण गेली नव्हती," बाई म्हणाल्या. "त्याला काय दिसत होतं ते तिला बघायचं होतं."

दोघांनी कागद ओढले.

म्हाताऱ्याला वाटलं होतं, दहा मिनिटांत होईल. चेहरा जमला, खांदे जमले. बुटांपाशी आल्यावर त्याच्या हाताने सवयीने टाच उचलली. अर्धा इंच असेल. पण टाच उचलली तशी पोटरी ताणली गेली, गुडघा मागे गेला, कमरेला बाक आला आणि बघता बघता डायाना फोटोसाठी उभी असल्यासारखी दिसू लागली. त्याने खोडलं. आयुष्यात तो इतरांच्या पेन्सिलीच्या रेघा खोडत आला होता, स्वतःची रेघ खोडताना त्याला चमत्कारिक वाटलं. टाच जमिनीला टेकवली. वजन दोन्ही तळव्यांवर सारखं वाटलं गेलं, गुडघे सैलावले, पाठ सरळ झाली. आता समोर अशी बाई होती जी रात्रभर उभी राहू शकली असती.

मग दोरी. त्याने ती ताणलेली काढली, कारण ताणलेली रेघ निबला सोपी. चेहऱ्याला त्याने हातही लावला नव्हता, तरी तो चेहरा बदलला. मघाची शांत बाई आता दटावणारी दिसत होती, पोलीस चौकीतली. त्याने मूळ चित्र जवळ ओढून घेतलं. मुलीच्या चित्रात दोरीला एक झोळ होता आणि बोटं मिटलेली नव्हती. ती ओढत नव्हती, थांबली होती. समोरच्याने बोलावं म्हणून.

मार्स्टनच्या गोष्टींत हे होतंच. ते त्याला माहीत होतं, फक्त इतक्या वर्षांत आठवलं नव्हतं. माणूस खोटं बोलताना त्याचा रक्तदाब वाढतो, त्यावरून खोटं ओळखायची चाचणी मार्स्टननी तयार केली होती. सत्याची दोरी त्यांच्या नायिकेच्या हातात आली यात नवल नव्हतं. आणि त्या गोष्टींत खलनायिका मरत नसत, बदलत. पॉला फॉन गुंथर ही नाझी हेर. 1943 च्या एका अंकात कळतं की तिची लहान मुलगी नाझींनी अडकवून ठेवली आहे, म्हणून ती त्यांच्यासाठी राबते आहे. डायाना त्या मुलीला सोडवते, आणि पॉला पुढे डायानाच्या जमातीची, ॲमेझॉन स्त्रियांची शास्त्रज्ञ होऊन राहते. शत्रूकडून खरं काय ते बोलवून घ्यायचं, ऐकायचं, आणि मग त्याची गाठ सोडवायची. एवढी मोठी गोष्ट त्याने किती पानांवर शाईत गिरवली असेल, आणि दर वेळी दोरी ताणलेली.

तो दोरीच्या मागे मागे खाली गेला. झोळ उतरून ती कागदाच्या कडेपाशी आली आणि तिथून सरळ त्याच्या छातीच्या दिशेने बाहेर पडली. त्याने पेन खाली ठेवलं.

मुलीचं तिकडे वेगळंच चाललं होतं. त्या केसांनी तिला रडकुंडीला आणलं होतं. हा सगळा दिखावा आहे, असं ती मनात म्हणत होती. पण उतरवायचं तर बघावं लागतं. बघता बघता तिच्या लक्षात आलं की प्रत्येक बटेची सावली एका विशिष्ट बाजूला पडते. देवळाच्या खांबांचीही तशीच. सूर्य चित्रात कुठेच नव्हता. उजेड येत होता तो डाव्या मनगटातल्या कड्यातून. एवढं मोठं चित्र, शेकडो रेघा, आणि सगळ्या त्या कड्याकडून निघालेल्या. तिने नाक कागदाला लागेल इतकं वाकून कडं पाहिलं. त्यावर ओरखडे होते. बारीक, तिरके, काही एकमेकांना छेदणारे, काही खोल गेलेले. हातभर अंतरावरून ते चमकेसारखे दिसत होते.

"हे पुस्तकात आहेत?" तिने विचारलं.

"काय?"

"हे ओरखडे."

म्हाताऱ्याने मान हलवली.

"तोंडाने सांगा," ती म्हणाली, कोर्टातल्या सवयीने.

"नाहीत. पुस्तकात कडी गुळगुळीत आहेत." तो थोडा वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "1941 पासून गोळ्या झेलतेय ती त्यांच्यावर. गुळगुळीत कशी राहतील?"

"मग हे तुमचं आहे."

"माझं काही नसतं. मी इंकर आहे." आणि मग, दोरी खरोखरच पडल्यासारखा, तो बोलत गेला. चाळीस वर्षं त्याने दुसऱ्यांच्या डायाना उजळल्या. कुणी विचारलं असतं की तुझी कोणती, तर त्याच्याकडे उत्तर नव्हतं. आज मुलीचं चित्र बघून त्याला राग आला तो बुटांचा नव्हता. तिने पहिल्या झटक्यात स्वतःची डायाना काढली, याचा होता. हे तो सगळ्यांसमोर बोलला, आणि कुणी मधे बोललं नाही.

"पण ही कडी..." मुलगी म्हणाली. "मी मघापासून यांच्यावर आहे. एवढी कडी मला कुणाच्याच चित्रात दिसली नाहीत. मी स्वतः तर नुसते दोन पट्टे काढलेत."

बाईंनी दोन्ही कागद उचलून उजेडात धरले. त्यांना मार्स्टनच्या घरातली ऑलिव्ह बर्न आठवली. ती आणि मार्स्टनची पत्नी एलिझाबेथ, दोघी त्यांच्याबरोबर एकाच घरात राहत. ऑलिव्ह मनगटांत रुंद कडी घालायची आणि डायानाची कडी तिच्यावरूनच आली. गोष्टीत ती कडी ॲमेझॉन स्त्रियांना हर्क्युलिसने कधी काळी केलेल्या गुलामीची आठवण म्हणून आहेत. ज्याने बांधलं गेलं त्याच वस्तूने गोळी अडवायची, ही कल्पना मला या नायिकेच्या सगळ्या सामर्थ्यांत मोठी वाटते. तिच्या विमानापेक्षा, दोरीपेक्षाही. आणि अशी कडी जुनी दिसलीच पाहिजेत. म्हाताऱ्याला ते कळलं होतं. फक्त ते इतकं बारीक लिहिलं होतं की वाचायला कुणीतरी तेच चित्र पुन्हा काढायला हवं होतं.

चारही चित्रं दोरीला लागली. म्हाताऱ्याने उतरवलेली डायाना मूळ चित्राइतकी जिवंत नव्हती, हात अवघडलेले होते. मुलीने काढलेले केस तर झाडूसारखे झाले होते. पण तिच्या त्या चित्रात कडी खडबडीत होती, आणि त्याच्या चित्रात दोरी सैल होती. ॲनिमेशनवाल्याने आपले तीन त्रिकोण शेजाऱ्याला दिले आणि बकरीमागची डायाना मागून घेतली. मग खोलीभर देवघेव सुरू झाली. शाळकरी मुलाला इंकरचं चित्र हवं होतं, ते मुलगी सोडेना.

वर दारवानाने पहिली घंटा दिली. बंद व्हायला पंधरा मिनिटं.

म्हाताऱ्याने आणखी एक कोरा कागद पुढे घेतला. या वेळी समोर कुठलंच चित्र ठेवलं नाही. काही रेघा मारल्या, थांबला, आणि मुलीला म्हणाला, "एक बूट काढून देतेस? मघाशी टाच मला नीट दिसली नाही."

ती बंद सोडायला वाकली. "कुठला देऊ? डावा की उजवा?"

"ज्याची टाच जास्त झिजलीय तो."